बाटलीतली हवा फुगते तेव्हा

एक लिटरची रिकामी, कोरडी काचेची बाटली घ्या. फुगा एकदा तोंडाने फुगवून सैल करा आणि बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा. आता बाटली बादलीतल्या गरम पाण्यात धरा. पाणी कडकडीत नको, नाहीतर काच तडकेल. आणि ते मोठ्यांनीच ओतावं. थोड्याच वेळात मलूल लोंबणारा फुगा उभा राहतो.

‘गरम हवा वर जाते, म्हणून फुगा फुगला,’ असं बहुतेक मुलं सांगतात. त्यांना लगेच चुकीचं ठरवू नका. बाटली पाण्यात आडवी दाबून धरायला सांगा. फुगा तरीही फुगतो! म्हणजे हवा नुसती वर सरकलेली नाही, तिने जास्त जागा व्यापली आहे. उष्णतेने हवेचे रेणू अधिक वेगाने धावतात, फुग्याच्या रबरावर जोरात आदळतात आणि ते बाहेर ढकलतात. माझ्या मते या प्रयोगाचा खरा गाभा ही आडवी बाटलीच आहे.

हवा किती फुगते? ३० अंश सेल्सिअसची एक लिटर हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर सुमारे १०० मिलिलिटर वाढते. तापमानाबरोबर हवा अशी फुगण्याचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ झाक शार्ल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १७८७च्या सुमारास केलेलं काम शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८०२ मध्ये जगापुढे आणलं.

शेवटी बाटली गार होऊ द्या आणि मग बर्फाच्या पाण्यात ठेवा. फुगा कुठे जाईल, हे मात्र मुलांना आधी विचारा.