वाटेला विचारून घेतलेला बूट
लांबच्या पदयात्रेसाठी पादत्राणांची निवड

मढच्या कोळीवाड्यापासून कार्ल्याच्या एकवीरेपर्यंतचा रस्ता शंभर किलोमीटरहून अधिक भरतो. चैत्रात मुंबईच्या अनेक कोळीवाड्यांतून देवीच्या पालख्या पायी निघतात. त्याच सुमारास, रामनवमीला पोहोचता यावे अशा बेताने, उपनगरांतून शिर्डीच्या पदयात्रा सुरू होतात. ते अंतर सुमारे २४० किलोमीटर. पुढे ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आळंदीहून माउलींची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते, तेव्हाही वारकऱ्यांच्या पायांखालून जवळजवळ अडीचशे किलोमीटरची वाट जाते. सह्याद्रीतील भटकंती वगळली, तर महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांचा लांब चालण्याशी येणारा संबंध हा असा आहे.

या प्रवासाची तयारी घरोघरी मनापासून होते. औषधांची पिशवी भरली जाते, सुका खाऊ बांधला जातो, रजा मंजूर करून घेतली जाते. पादत्राणांची खरेदी मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते, आणि मग दुकानात ‘ट्रेल शूज’ या नावाखाली जे समोर येते ते घेतले जाते. उंच घोट्याचा, खोल दातांच्या तळाचा, पाणी आत न शिरू देणारा तो बूट भक्कम दिसतो. परंतु तो ज्या वाटेसाठी घडवला आहे ती वाट आपली असेलच असे नाही. म्हणून बुटाचे नाव आणि किंमत पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. वाट कोणती आहे? आणि पाय कसा आहे?

वाट कोणती?

एकवीरेची व शिर्डीची वाट प्रामुख्याने डांबराची आहे. चैत्र-वैशाखात हवेचे तापमान ३८ अंशांच्या आसपास असते, तेव्हा भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठीच्या घरात जाऊ शकतो. एवढ्या तापलेल्या पृष्ठभागाशी काही सेकंदांचा संपर्कही त्वचा भाजण्यास पुरेसा ठरतो. अशा रस्त्यावर खोल दातांचा तळ उपयोगाचा नाही. दातांना रुतायला माती मिळत नाही, रबर लवकर झिजते आणि पावलाला टेकायला क्षेत्रफळही कमी मिळते. येथे सपाट, रुंद, दोन ते तीन मिलिमीटर खोल नक्षीचा तळ हवा. त्यावर पुरेशी जाड आणि फार भुसभुशीत नसलेली उशी हवी.

आषाढी वारीची वाटही बरीचशी डांबरीच. परंतु पावसाळा सुरू झालेला असतो. मुक्कामाची रानं, कडेच्या पायवाटा आणि तळांवरचा चिखल तिच्यात येतो. येथे तीन-चार मिलिमीटर खोल, परस्परांपासून थोडे दूर असलेले दात उपयोगी पडतात, कारण त्यांच्यात चिखल अडकून राहत नाही. खोल दातांचा खरा ट्रेल शू हा सह्याद्रीतील मुरमाड घसारा आणि ओल्या मातीचे चढ-उतार यांच्यासाठी ठेवावा. एक गोष्ट मात्र कोणताही तळ साधून देत नाही: शेवाळलेल्या कातळावर उत्तमातील उत्तम रबरही निसटते. तेथे पाऊलच जपून टाकावे लागते.

पाणी न शिरू देणाऱ्या बुटाविषयीही असाच विचार करावा. बर्फात आणि थंड प्रदेशात त्याचे मोल आहे. आपल्याकडच्या मुसळधार पावसात पाणी घोट्याच्या उघड्या बाजूने आत उतरते, आणि ज्या पडद्याने ते बाहेर अडवायचे तोच पडदा त्याला आत कोंडून ठेवतो. घामाचेही तेच होते. दिवसभर भिजलेली त्वचा पांढरी, मऊ व सुरकुतलेली होते. ती सहज सोलवटते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून पावसाळी वाटेसाठी जाळीदार कापडाचा, पाणी आत आले तरी लगेच बाहेर सोडणारा आणि रात्रीतून बराचसा सुकणारा बूट अधिक हितकारक.

वजनाचा हिशेब

पुण्याहून सासवडचा, दिवे घाटातला, वारीचा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा आहे. साधारण ६५ सेंटिमीटरचे एक पाऊल धरले, तर त्या एका दिवसात सुमारे ४६ हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय २३ हजार वेळा उचलला जातो. बूट १०० ग्रॅमने जड असेल, तर दिवसअखेर त्या एका पायाने २,३०० किलोग्रॅम जादा उचललेले असतात. धावपटूंवरील अभ्यासांतही प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले, की ऊर्जेचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो, असे आढळले आहे. दिंडीतील व पदयात्रेतील सामान बहुधा ट्रकने किंवा टेम्पोने पुढे जाते. पाठीवर मोठे ओझे नसते. अशा वेळी घोटा झाकणारा जड बूट घेण्याचे सहसा कारण उरत नाही.

पाय कसा?

बुटाच्या लांबीचा आकडा आपल्याला पाठ असतो; रुंदीचा विचार फार थोडे लोक करतात. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलांच्या तुलनेने रुंद असते, असे त्यातून दिसून आले, आणि भारतीयांसाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. आज दुकानात मिळणारी मापे मात्र परदेशी साच्यांवरच आधारलेली आहेत. चवडा आवळतो म्हणून आपण एक आकडा मोठा बूट घेतो. ब्रिटिश मापपद्धतीत एका आकड्याचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. रुंदीची अडचण अशी लांबीने सोडवली, की टाच सैल पडते, पाऊल आत पुढे-मागे सरकते आणि फोड येतात.

यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे. कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याकडून दोन्ही पावलांची रेषा काढून घ्यावी. दुकानात बुटातील सुटे अस्तर बाहेर काढून त्या रेषेवर ठेवावे. करंगळीची किंवा चवड्याची बाजू अस्तराबाहेर जात असेल, तर तो बूट आपला नव्हे, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाऊल थोडे फुगते आणि लांब चालताना ते त्याहूनही फुगणार असते. यात्रेत वापरायचेच मोजे घालून बूट चढवावा. दोन पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. ती नसेल तर घाटाच्या उतारावर बोटे पुढे आदळतात आणि नखे काळी पडतात.

आणखी तीन गोष्टी हातानेच तपासता येतात. बूट चवड्याच्या रेषेवर वाकावा, मध्यावर नव्हे. दोन्ही टोके धरून पिळल्यास तो फडक्यासारखा पिळला जाऊ नये. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबली असता घट्ट लागावी.

घराजवळची परीक्षा

बूट यात्रेच्या निदान महिनाभर आधी घ्यावा आणि त्यातून साठ-सत्तर किलोमीटर चालणे व्हावे. त्यासाठी उपनगरवासीयांना दूर जाण्याची गरज नाही. मढ गावातून भाटी, एरंगळ, दानापाणी, आक्सा या क्रमाने मार्वेकडे जाणारा रस्ता चांगला परीक्षक आहे. पहाटे त्यावरून आठ-दहा किलोमीटर चालले, की डांबरावर उशी कशी वागते ते समजते. किनाऱ्याच्या कोरड्या वाळूत टाच वर निसटते की नाही हे लगेच कळते, आणि जाळीतून आत गेलेली बारीक वाळू मोज्यात काय करते, तेही. मात्र आक्साच्या पाण्यात उतरू नये. तो किनारा धोक्याचा आहे. परतल्यावर पावलांवरील लालसर जागा पाहून ठेवाव्यात. फोड येणार असतील तर ते त्याच जागी येतील.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन वापरलेले असते. दमट हवेतील बाष्पाने ते वर्षानुवर्षे आतून कमकुवत होत जाते. कपाटात नीट ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट ऐन घाटात भुगा होऊन सुटतो, तो यामुळे. जुना बूट काढलाच, तर तळ वाकवून भेगा पाहाव्यात आणि दोन दिवस घालून फिरावे. उशीचे आयुष्यही मर्यादित असते; साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ती दबते. रोज पाच किलोमीटर फिरणाऱ्याच्या बुटाने पाच महिन्यांत ७५० किलोमीटर पूर्ण केलेले असतात. तो बूट फिरायला चालेल, वारीला नको. भिजलेला बूट गोड्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो.

मोजे, पट्टी आणि जोडीची चप्पल

सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला राहतो. त्याऐवजी कृत्रिम धाग्याचा किंवा बारीक लोकरीचा, शिवण न टोचणारा मोजा घ्यावा. तीन जोड असावेत, आणि दुपारच्या विसाव्याला जोड बदलावा. फोड येणाऱ्या जागांवर निघण्यापूर्वीच औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी लावावी. सुमारे २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींतील धावपटूंवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. हे अंतर वारीइतकेच आहे, आणि उपाय काही रुपयांचा.

मुक्कामासाठी टाचेमागे पट्टा असलेली सँडल जवळ ठेवावी. अंगठ्याच्या आधाराने घसटत चालायची स्लिपर मैलोन् मैल वापरू नये. ती पायातून सुटू नये म्हणून बोटे सतत आवळलेली राहतात आणि पोटऱ्या भरून येतात.

ज्या पायाला दुखत नाही

आतापर्यंतचे सारे विवेचन दुखणाऱ्या पायासाठी आहे. बूट चावला की पाय तक्रार करतो, आपण लंगडतो, थांबतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पावलांतील संवेदना मात्र हळूहळू बोथट होते, आणि हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर पायाच्या जखमा बहुधा मोठ्या इजेने होत नाहीत. एकाच जागी हजारो वेळा पडणारा साधा दाब त्या घडवतो. वेदना असलेला माणूस नकळत भार बदलतो. बधिर पायाचा माणूस तीच जागा दाबत राहतो. ४६ हजार पावलांचा दिवस अशा पायासाठी काय असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

म्हणून घरातील मधुमेही व्यक्ती पदयात्रेला निघणार असेल, तर बूट निवडण्याआधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. त्याला काही मिनिटेच लागतात आणि त्रास होत नाही. तो स्पर्श कळत नसेल, तर बाजारातील बूट आपल्या अंदाजाने न घेता रुंद, खोल, मऊ अस्तराचे पादत्राण वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे आणि किती चालायचे तेही विचारावे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बुटात हात फिरवून खडा वा दुमडलेले अस्तर नाही याची खात्री करावी.

अशा व्यक्तीने अनवाणी चालू नये, ही गोष्ट घरातील मोठ्यांना सांगणे अवघड असते, कारण अनेकदा ती नवसाशी जोडलेली असते. नवसाचा मान राखूनही मार्ग निघतो. पादत्राणे घालून चालावे, आणि मंदिराच्या आवारात सावलीची, पाहून घेतलेली जागा असेल तेथे ती उतरवावीत. तळव्याला डांबराचा चटका लागून आलेला फोड ज्याला जाणवतच नाही, त्याची यात्रा रुग्णालयात संपू शकते, आणि कधी बोट वा पाऊल गमावण्यापर्यंत मजल जाते.

मुक्कामाला पोहोचल्यावर बरोबरच्या एकाने दिव्याच्या उजेडात त्यांची पावले पाहावीत: तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. लाल झालेली, नेहमीपेक्षा गरम लागणारी किंवा ओलसर जागा दिसली, तर दुसऱ्या दिवशीचा टप्पा गाडीने करावा आणि वाटेतल्या वैद्यकीय पथकाला पाय दाखवावा. हे काम सुनेने, मुलाने किंवा दिंडीतल्या सोबत्याने निघण्यापूर्वीच वाटून घ्यावे. चालून थकलेल्या रात्री ते कोणाला आपणहून आठवत नाही.