जुनी डिझेल गाडी एकाएकीं अडखळूं लागल्यास काय पाहावें

आंजी (मोठी) व आसपासच्या गांवांतील कापूस वर्धा किंवा सेलू येथील बाजारांत नेण्याचें काम पूर्वीं बैलगाड्या करीत. तें आतां बहुतांशीं लहान मालवाहू डिझेल गाड्यांकडे आलें आहे. यांतील कित्येक गाड्या बऱ्याच जुन्या आहेत. अशी गाडी ऐन हंगामांत, माल भरून निघाली असतां, एकाएकीं अडखळूं लागते, तिचें सर्व अंग थरथरतें, चढावर जोर धरीत नाहीं; आणि मालक घाबरून मिस्त्री सांगेल तो खर्च कबूल करतो. हा खर्च पुष्कळदां व्यर्थ जातो, म्हणून हा विषय येथें जरा विस्तारानें मांडीत आहोंत.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा सुमारें 20 व्या हिश्श्याइतकी दाबली जाते व त्या दाबानें इतकी तापते कीं, नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल यांनीं 1897 सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलें तें तत्त्व हेंच. विहिरीवरील ऑइल एंजिनास बहुधा एकच सिलिंडर असे. गाडीस बहुधा चार असतात. चार बैलांच्या नांगरास एक बैल अंग चोरूं लागला म्हणजे जसे हिसके बसतात, तसेंच एक सिलिंडर काम सोडूं लागला म्हणजे गाडीचें होतें. मिस्त्री लोक ‘मिसिंग’ म्हणतात तें हेंच.

आतां ‘एकाएकीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. झिजणारी वस्तु सहसा हळूहळू झिजते. काल नीट चाललेली गाडी आज अडखळते, तेव्हां पंप झिजल्याचा संशय मागाहून घ्यावा; आधीं डिझेलमध्यें हवा शिरली, पाणी आलें कीं गाळणी तुंबली, हें पाहावें. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. तेथें जबानी घेतल्यावांचून निकाल देत नसत. चालकासही तसेंच विचारावें: नवें डिझेल भरल्यावर हें सुरू झालें काय? फिल्टर बदलल्यावर काय? रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच होतें, कीं ओझें असतांनाच?

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळींतून डिझेल ओढलें जातें, ढकललें जात नाहीं. येथें बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत ओढली जाते. नळी बाहेरून कोरडी, आणि दोष मात्र तिचाच! आमच्या एका शेजाऱ्याच्या गाडीस नवा पंप व चारही नोझल सांगण्यांत आले होते. शेवटीं टाकीजवळची रबरी नळी चिमट्याखालीं तडकलेली निघाली. वीतभर नळी बदलली व गाडी त्याच दिवशीं कापूस घेऊन गेली. याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून वेगळ्या नळीनें थेट फीड पंपास डिझेल द्यावें. एंजिन सुरळीत चाललें तर दोष त्याच्या मागें, टाकीकडे आहे. मग नळी बदलून, फिल्टरावरील हवेचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा.

पाण्यासाठीं फिल्टरच्या तळचें डिझेल कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. पाणी जड असल्यानें खालीं निराळें दिसतें. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यांत दिवसेंदिवस उभी ठेवली कीं हें घडतें.

इतकें करूनही दोष राहिल्यास, जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडींत, एंजिन मंद चालवून एकेका नोझलच्या नळीचा नट कापड गुंडाळून अर्धा फेरा सैल करवावा. ज्याचा नट सैल केल्यानें आवाजांत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आळशी. त्याचें नोझल शेजारच्या सिलिंडरास लावून पाहावें: दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागींच राहिला तर व्हॉल्व्ह, हेड गॅसकेट किंवा पिस्टन पाहावे लागतील.

कॉमन रेल पद्धतीच्या गाडींत मात्र हा प्रयोग कदापि करूं नये. तेथें दाब वातावरणाच्या 1,000 पटींहून अधिक असतो; ती धार कातडी भेदून आंत शिरते, जखम टांचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास तत्काळ मोठें रुग्णालय गांठावें. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हें ठाऊक नसेल तर नटास हात लावूं नये.

धूरही कांहीं सांगतो. एंजिन तापल्यावरही डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. काळा म्हणजे बहुधा हवेची गाळणी तुंबली. निळा म्हणजे ऑइल जळतें. रेडिएटरचें पाणी कमी होत असून वाफ दिसत असेल, किंवा ठोके ऐकूं येत असतील, तर गाडी तेथेंच बंद करावी. उलट आवाज एकसारखा असून नुसता हादरा बसत असेल तर एंजिनाखालचे रबर तपासावे.

पंप उतरविण्याची वेळ आलीच, तर पंप व एंजिन यांवर जुळणीची खूण आधीं करून घ्यावी, पंप चांचणीच्या यंत्रावर आपल्यासमोर लावण्यास सांगावें, आणि बदललेले जुने भाग मागून घ्यावे.