तळ्यातील मासे पहाटे का गुदमरतात?

हिंगोली जिल्ह्यास पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर या मोठ्या जलाशयांचा लाभ झाला आहे. याखेरीज गावतळी व शेततळी यांतही कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढविता येतात. परंतु ढगाळ दिवसानंतर सकाळी तळ्यावर जावे, तो मासे मरून तरंगत असलेले दिसावेत, अशी आपत्ती कित्येकदा ओढवते. कोणी विष कालविले असा संशय घेण्यापूर्वी तिचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

मासा कल्ल्यांच्या योगे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील हिरवे शेवाळ प्राणवायू निर्माण करते. रात्री हे कार्य थांबते. उलट शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारे शेण ही सर्वच तो खर्च करीत असतात. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दिवस ढगाळ गेला असल्यास साठा मुळातच अपुरा राहतो. दर लिटर पाण्यात सुमारे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असणे हितकर होय. तो फार घटल्यास बहुधा मोठे मासे आधी मरतात, ही खूण ध्यानात ठेवावी.

याच कुळातील गोल्डफिश हा शोभेचा मासा प्राणवायूवाचूनही थंड पाण्यात बराच काळ तग धरतो. शरीरात साठणाऱ्या दुग्धाम्लापासून तो मद्यार्क बनवितो व कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या क्रियेचे मूळ २०१७ मध्ये ऑस्लो व लिव्हरपूल येथील संशोधकांनी उलगडून दाखविले. आपल्या कटला-रोहूंकडून मात्र अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्यांची काळजी मालकानेच वाहिली पाहिजे.

पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की तो धोक्याचा इशारा समजावा. तत्काळ पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे. त्या दिवशी खाद्य व शेणखत देऊ नये, जाळेही ओढू नये.

प्रतिबंधाचा उपाय सोपा आहे. हात पाण्यात सरळ बुडवावा. कोपर बुडण्यापूर्वीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी अति हिरवे झाले असे जाणून खत बंद करावे. बीजही प्रमाणाबाहेर सोडू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंसमवेत एकदा पहाटेच तळ्यावर जाऊन ही परीक्षा दाखवावी. वर्षाची मेहनत एका रात्रीत वाया जाणार नाही.