चढताना नको, बसल्यावर हवे : शिकारीच्या जॅकेटची निवड

अमेरिकेत शिकारीचा मुख्य हंगाम साधारणपणे सप्टेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो आणि या पाच महिन्यांत परवानाधारक शिकाऱ्याला एकमेकांशी फारसे साम्य नसलेली कामे करावी लागतात. कोलोरॅडोतील रॉकी पर्वतांत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्कची, म्हणजे सांबराहूनही थोराड अशा हरणाची, शिकार होते आणि तीत दिवसभर चढउतार करावी लागते. साउथ डकोटात ऑक्टोबरपासून फेझंट या कोंबड्याच्या कुळातील पक्ष्यामागे काटेरी झुडपे आणि मक्याची शेते तुडवावी लागतात. विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनियात नोव्हेंबरच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी झाडाला बांधलेल्या मचाणावर तासन्‌तास निश्चल बसावे लागते, तर बदकांच्या शिकारीत पहाटेचा सगळा वेळ गुडघाभर पाण्यात किंवा दलदलीच्या काठी जातो. या प्रत्येक कामासाठी वेगळे जॅकेट बाजारात मिळते. परंतु बहुतेकांना एकच जॅकेट परवडते, आणि ते एकच जॅकेट कोणते असावे हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच खोल आहे. सर्वांत उबदार जॅकेट घेणे हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर असून तेच सहसा चुकीचे ठरते.

त्याचे कारण माणसाच्या शरीरातच आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असते, तर पाठीवर ओझे घेऊन चढण चढणाऱ्या माणसाच्या शरीरात हीच उष्णता ५०० वॅटच्याही पुढे जाते. म्हणजे अर्ध्या तासाच्या अंतराने, त्याच हवेत, त्याच अंगावर पाचपट फरक पडतो. मचाणावर पुरेल इतके जाड जॅकेट घालून चढ चढणारा माणूस घामाने भिजतो, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे माथ्यावर पोहोचून थांबताच तेच भिजलेले कपडे त्याच्या अंगातील ऊब काढून घेऊ लागतात. थंडीत कुडकुडण्याची सुरुवात अनेकदा चढणीवरच झालेली असते. याचा परिणाम शिकाऱ्यापुरता राहत नाही. बधिर झालेल्या बोटांनी आणि थरथरत्या खांद्याने सुटलेली गोळी किंवा बाण जनावराला ठार न करता जखमी करतो, आणि जखमी जनावर रानात निघून जाऊन तडफडत मरते. ज्या समाजांत शिकार कायदेशीर आहे, तेथे तिचा पहिला नीतिनियम असे होऊ न देण्याचा आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर पोशाखाचा विचार हा चैनीचा विषय उरत नाही.

म्हणूनच जाणकार शिकारी तीन थरांत कपडे घालतात. अंगालगतचा पातळ थर घाम टिपून घेतो, मधला थर ऊब धरतो आणि सर्वांत बाहेरचा थर पाऊस अडवतो. मधल्या वजनाचे जॅकेट या रचनेत दुसऱ्या जागी बसते, पण कोरड्या हवेत तेच सर्वांत बाहेरचे वस्त्र बनते, आणि त्याचा बहुउपयोगीपणा या दुहेरी भूमिकेतून येतो. मधले वजन म्हणजे काय हे कापडाच्या मापावरून सांगता येते : फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांवर लव काढून तयार केलेले मऊ कापड, असेल तर चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम, आणि दोन कापडांमध्ये कृत्रिम तंतूंचे भरण असेल तर ते चौरस मीटरला साधारण ६० ते ८० ग्रॅम. याहून पातळ जॅकेट मचाणावर अपुरे पडते, आणि याहून जाड जॅकेट चालताना पिशवीत जाते व तेथे निम्मी जागा खाते.

उबेइतकेच महत्त्व वाऱ्याला आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमके तेच विसरले जाते. अमेरिका व कॅनडात वापरल्या जाणाऱ्या शीतवाताच्या सूत्रानुसार तापमान शून्य अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे ६ अंशांच्या आसपास जाणवते. कपड्यातील ऊब ही खरे तर त्याच्या धाग्यांमध्ये अडकून पडलेल्या स्थिर हवेची ऊब असते, आणि साधे फ्लीस इतके सच्छिद्र असते की वारा ती हवा सहज उडवून लावतो. यावर दोन उपाय आहेत. फ्लीसच्या आत वारा अडवणारा पातळ पडदा चिकटवला तर वारा पूर्ण थांबतो, पण घामाची वाफही अडखळते. उलट बाहेरचे कापड घट्ट विणीचे ठेवले तर थोडा वारा आत येतो, परंतु चालताना अंग मोकळे राहते. ज्याचा बहुतेक वेळ बसून जातो त्याने पहिला प्रकार घ्यावा, आणि ज्याला चालणे व बसणे दोन्ही करायचे आहे त्याच्यासाठी दुसरा प्रकार निःसंशय सरस आहे.

कापडाच्या निवडीत शिकारीची अशी एक खास अट आहे जी गिर्यारोहकाला नसते, ती म्हणजे नीरवता. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हरीण बहुधा वीस-तीस मीटरांवर येऊ द्यावे लागते, आणि त्या शांततेत प्रत्यंचा ओढण्यासाठी कोपर मागे जात असताना बाही छातीवर घासून झालेली खसखस हरणाला पुरते. त्याचे कान वळतात, मान वर होते आणि पुढच्या क्षणी तेथे काही उरत नाही. पावसाळी जॅकेटचे कडक, चकचकीत कापड नेमके येथेच नापास होते. लोकरीचे आणि लव काढलेल्या फ्लीसचे कापड मात्र घासले तरी जवळजवळ मुके राहते, आणि याच कारणाने लोकर आजही शिकारीच्या पोशाखातून हद्दपार झालेली नाही. सिॲटल येथे १८९७ मध्ये, क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेल्या लोकांना कपडे पुरवण्यासाठी सुरू झालेल्या फिल्सन या कंपनीचे जाड लोकरीचे जॅकेट, किंवा पेन्सिल्व्हेनियातील वूलरिच गिरणीच्या लाल-काळ्या चौकड्यांचा शिकारी पोशाख, हे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकेका जमीनदारीने आपापल्या टेकड्यांच्या रंगाशी मिळतेजुळते ट्वीड विणून घेतले आणि लाल हरणाचा माग काढणारे वाटाडे ओल्या झुडपांतून सरपटताना तेच घालत आले.

लोकरीचा खरा गुण तिच्या तंतूत आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाण्याची वाफ आत शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफ शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभ्या राहणाऱ्या धनगराला हा गुण कुठल्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होता. पॉलिस्टर याच्या अगदी उलट वागते : त्याचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे भिजलेले फ्लीस झटकले आणि अंगावर ठेवले तरी लवकर वाळते. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास हे कापड विकसित केले, आणि पुढे ते जगभर पसरले ते या हलकेपणामुळे व झटपट वाळण्यामुळे. लोकर जड असते, उशिरा वाळते आणि महाग पडते. फ्लीसला घामाचा वास लवकर धरतो, आणि हरणाच्या नाकापुढे हा दोष लहान नाही. दोन्ही पारड्यांत टाकून पाहिल्यास एकाच जॅकेटवर भागवणाऱ्या माणसाला अंगालगत पातळ मेरिनो लोकर आणि तिच्यावर लवदार फ्लीस ही जोडी सर्वांत उपयोगी ठरेल. पिसांचे जॅकेट वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते हे खरे, पण पिसे भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब संपते. म्हणून पाण्याशी गाठ असलेल्या शिकारीत त्यांचा भरवसा धरू नये. आणि सुती कापडाचे जॅकेट, कितीही मजबूत दिसले तरी, थंड व ओल्या रानात घेऊन जाऊ नये.

पावसाचा प्रश्न येथे वेगळा काढला पाहिजे. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या कुळातील एका प्लास्टिकची तापलेली कांडी झटक्याने ओढली तेव्हा ती अनपेक्षितपणे ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फारच लहान, पण वाफेच्या रेणूहून मोठी असल्यामुळे त्या पडद्यातून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर पडते. गोर-टेक्स या नावाने १९७६ पासून बाजारात आलेल्या या कापडाने पावसाळी कपड्यांचे स्वरूपच पालटले. मात्र वाफ बाहेर पडण्याचा वेग मर्यादित असतो, आणि वरच्या कापडावरील पाणी झटकणारा लेप झिजून ते कापड ओलेचिंब झाले की तो आणखी मंदावतो. या लेपांमध्ये बराच काळ निसर्गात न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने वापरली जात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी केली असून अतिपावसासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंतची सवलत दिली आहे. या सगळ्याचा व्यवहारातील अर्थ असा की मधल्या वजनाच्या जॅकेटकडून संपूर्ण जलरोधकतेची अपेक्षा करू नये. भुरभुर झेलण्यापुरता लेप त्यावर असावा, आणि खऱ्या पावसासाठी घडी करून पिशवीत मावेल असे पातळ जलरोधक कवच वेगळे ठेवावे. हे दोन कपडे मिळून जे काम होते, ते एका जाड जलरोधक जॅकेटने होत नाही.

रंगाच्या बाबतीत ग्राहकाचा सर्वाधिक गोंधळ होतो, कारण पानाफांद्यांची चित्रे छापलेली कापडे माणसाच्या डोळ्याला भुलवतात. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, माणसात तीन. त्यामुळे हिरवा आणि नारिंगी यांतला फरक हरणाला नीट कळत नाही, पण निळा रंग ते चांगला टिपते, आणि माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाशही त्याच्या डोळ्यात काही प्रमाणात पोहोचतो. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे नवीन जॅकेटवर कितीही सुंदर रानटी नक्षी असली तरी ते कपडे उजळ करणाऱ्या धुण्याच्या पावडरीत धुतले की त्यातील चमकद्रव्यांमुळे हरणाच्या नजरेला ठळक होऊ शकते. दुसरा परिणाम माणसांच्या जिवाशी निगडित आहे : झगझगीत नारिंगी रंग दुसऱ्या शिकाऱ्याला दुरून दिसतो, हरणाला मात्र खुपत नाही. म्हणून कोलोरॅडोत बंदुकीने एल्क किंवा हरणाची शिकार करणाऱ्याने कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस सेंटीमीटर, झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी घालणे बंधनकारक आहे. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हरीण-हंगामात कमरेवरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग तशा रंगाचा असावा लागतो. पक्ष्यांचे गणित निराळे आहे, कारण त्यांची रंगदृष्टी माणसाहूनही तीक्ष्ण असते आणि टर्की किंवा बदकांपुढे नारिंगी जॅकेट लपत नाही. तेव्हा जॅकेट मळकट तपकिरी किंवा हिरवट घ्यावे आणि नारिंगी रंग त्यावर घालायच्या पातळ बंडीतून मिळवावा, हाच मार्ग सगळ्या हंगामांना पुरतो. पाठीवरची पिशवी त्या बंडीला झाकणार नाही एवढे मात्र पाहावे.

बेतण्याची परीक्षा दुकानातच करता येते. आत जाड स्वेटर घालून जॅकेट चढवावे, चेन गळ्यापर्यंत ओढावी आणि दोन्ही हात बंदूक खांद्याला लावल्यासारखे उचलावेत. कंबर उघडी पडली किंवा पाठीत ताण आला तर ते मोठे घ्यावे किंवा सोडून द्यावे. धनुर्धराने डावा हात पुढे ताणून बाहीचा फुगा प्रत्यंचेच्या वाटेत येतो का हे बघावे. मग बाही कानाजवळ नेऊन नखाने खरवडावी; जो आवाज दुकानातल्या गोंगाटातही ऐकू येतो, तो रानात लपणार नाही. काखेत उघडणारी चेन असेल तर चढताना जॅकेट न उतरवता वारा आत घेता येतो, आणि हा एक तपशील डझनभर खिशांपेक्षा मोलाचा आहे. मचाणावर बसणाऱ्याला सुरक्षापट्ट्याचा दोर बाहेर काढण्यासाठी पाठीवर, कॉलरखाली फट लागते. ती नसेल तर पट्टा जॅकेटवरून बांधावा, पण बांधावाच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ पूर्णपणे थांबवली आणि ते योग्यच झाले. परंतु लडाखच्या कड्यावर हिमबिबट्याची वाट पाहत दिवसभर बसणाऱ्या छायाचित्रकाराची अडचण आणि कोलोरॅडोच्या शिकाऱ्याची अडचण कपड्यांपुरती एकच आहे. दोघांनाही आधी चढायचे असते, नंतर निश्चल बसायचे असते, आणि जनावराला त्यांचा सुगावा लागू द्यायचा नसतो. वरच्या सगळ्या कसोट्या त्या छायाचित्रकारालाही लागू पडतात, नारिंगी बंडी तेवढी सोडून.

अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना शिकारीत रस असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : रंग, हंगाम आणि हत्यारे यांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात आणि ते बदलतातही, म्हणून जॅकेट किंवा बंडी विकत घेण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचून घ्यावी.