चष्म्याचा नंबर, डोळ्याचा पडदा आणि तळहातावर मावणारी यंत्रे

हिंगोली जिल्ह्याचे नाव वैज्ञानिक जगतात पोहोचले ते औंढा नागनाथ तालुक्यातील नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेमुळे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील लायगोमध्ये लेझरच्या उष्णतेने आरशांचा आकार किंचित बदलतो आणि तो बदल हार्टमन संवेदकाने मोजला जातो. जोहान्स हार्टमन या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी, दुर्बिणीतील दोष शोधण्यासाठी, तिच्या तोंडावर भोके पाडलेली चकती लावली होती. त्या चकतीचाच हा वारस. त्याच चकतीचा दुसरा वारस चष्म्याचा नंबर काढतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

या दुसऱ्या शाखेशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झालेले रमेश रासकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये ‘नेत्रा’ हे उपकरण जगापुढे ठेवले. मोबाइलच्या पडद्यावर बसवायचे हे छोटे जोडसाधन. रासकरांना २०१६ मध्ये पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले, त्यामागील कामांत याचाही वाटा होता.

‘नेत्रा’चे तत्त्व थोडक्यात असे. पडद्यावर दोन रेघा दाखवायच्या आणि डोळ्यासमोर धरलेल्या दोन बारीक छिद्रांतून त्या पाहायच्या. दोन्ही छिद्रांतून समांतर आलेले किरण निर्दोष डोळ्यात दृष्टिपटलावर एकाच ठिकाणी पडतात आणि पाहणाऱ्याला एकच रेघ दिसते. लघुदृष्टीच्या डोळ्यात ते किरण पटलाच्या अलीकडेच एकमेकांना छेदतात, म्हणून रेघा दोन दिसतात. बटण दाबून रेघा एकमेकींजवळ आणत त्या एकरूप करायच्या. किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर निघतो. दीर्घदृष्टीच्या डोळ्यासाठी रेघा दूर न्याव्या लागतात. वेगवेगळ्या कोनांत हीच कृती केली की तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, कळतो.

येथेच रचनाकाराची खरी परीक्षा सुरू होते. समजा, छिद्रांमधील अंतर तीन मिलिमीटर आहे आणि पडदा त्यांच्यापासून वीस मिलिमीटरवर आहे. एक डायॉप्टर नंबरासाठी रेघा अवघ्या ०.०६ मिलिमीटरने सरकवाव्या लागतील. इंचाला ३२६ बिंदू असलेल्या मोबाइलवर एक बिंदूच सुमारे ०.०७८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक डायॉप्टरची पायरीसुद्धा हाती लागत नाही. अंतर शंभर मिलिमीटर केले तर तोच एक बिंदू जवळपास पाव डायॉप्टर होतो, आणि चष्म्याच्या काचा पावाच्याच पायरीने मिळतात. अचूकता हवी तर नळी लांब करा, नळी आखूड हवी तर पडदा अधिक दाट घ्या. छिद्रे अगदी लहान करावीत तर प्रकाश विवर्तनाने पसरतो आणि रेघ जाड दिसते. म्हणून त्यांच्या जागी सूक्ष्म भिंगे घालणे श्रेयस्कर ठरते. शिवाय उत्तर रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते. तरुण डोळा नकळत जोर लावून आपला नंबर बदलतो, हीही एक डोकेदुखी.

परंतु नंबर कळला म्हणजे डोळा कळला असे नाही. मधुमेहाने दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या झिरपू लागल्या तरी आरंभी रुग्णाला स्पष्ट दिसत असते. सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या खेड्यातला शेतकरी नीट दिसत असताना केवळ तपासणीसाठी दिवस मोडून नांदेडची वाट धरील, ही अपेक्षा फोल आहे. म्हणून पटलाचे छायाचित्र घेणारे यंत्रच, म्हणजे फंडस कॅमेरा, गावात जायला हवे.

तो लहान करणे मात्र नंबराच्या यंत्रापेक्षा कितीतरी कठीण. डोळ्यात उजेड टाकायचा तो ज्या बाहुलीतून, तिच्यातूनच चित्रही बाहेर यायचे. पारपटल त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के थेट परत फेकते, आणि पटलावरून बाहेर येणारा प्रकाश त्याच्या मानाने अत्यंत क्षीण असतो. चित्राच्या जागी पांढरा डागच दिसतो. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याचा पडदा प्रथम पाहण्याची सोय केली; पण हा डाग घालवण्याची नामी युक्ती, बाहुलीच्या कडेने प्रकाश आत आणि मध्यातून चित्र बाहेर, ही स्वीडनच्या गुलस्ट्रँड यांची. डोळ्याच्या प्रकाशविज्ञानासाठी त्यांना १९११ चे नोबेल मिळाले. आजही टेबलावरच्या मोठ्या कॅमेऱ्यात मध्ये भोक असलेला आरसा असतो तो याचसाठी.

हातातल्या यंत्रात त्या आरशाला आणि त्याच्या भिंगमालेला जागा नसते. मग भिंगाभोवती किंवा बाजूला इवलेसे एलईडी बसवतात, किंवा एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवीकारक पट्ट्या वापरतात. पट्ट्यांनी चकाकी जाते, पण निम्म्याहून अधिक उपयुक्त प्रकाशही जातो. उजेड वाढवावा तर डोळ्याच्या सुरक्षिततेची मर्यादा आड येते. पुढच्या भिंगाचेही तेच. वीस डायॉप्टरचे, म्हणजे पाच सेंटीमीटर नाभ्यंतराचे भिंग सुमारे तिप्पट मोठे चित्र देते. अठ्ठावीस डायॉप्टरचे घेतले तर यंत्र आखूड होते आणि अधिक पटल एका वेळी दिसते, पण चित्र दोनपटीहून थोडेच मोठे राहते आणि बारीकसा रक्तस्राव नजरेतून निसटू शकतो. अगोलीय भिंगांमुळे काचांची संख्या घटली, हा मोठाच लाभ. बंगळुरूतील ‘थ्रीनेत्र’ आणि ‘फंडस ऑन फोन’ ही देशी यंत्रे याच वाटेने आली.

बाहुली औषधाने न रुंदावता चित्र घ्यायचे तर आधी अवरक्त प्रकाशात नेम साधतात. तो दिसत नसल्याने बाहुली आक्रसत नाही. मग क्षणभर पांढरा प्रकाश, आणि ती आक्रसण्याआधीच चित्र टिपले जाते. अडचण अशी की एका डोळ्यावरील प्रकाशाने दुसऱ्याचीही बाहुली लहान होते, म्हणून दुसऱ्या डोळ्यासाठी काही मिनिटे थांबावे लागते. शिबिरातल्या रांगेत ही मिनिटे साठत जातात. वयस्करांत बाहुली मुळातच लहान आणि भिंग धुरकट झालेले. मोतीबिंदू पिकलेला असेल तर कितीही उत्तम कॅमेरा अस्पष्ट चित्रच देतो. अशा रुग्णाला छायाचित्राची वाट न पाहता थेट नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवावे लागते, आणि पडद्याची तपासणी मोतीबिंदू काढल्यावर पुन्हा करावी लागते.