समुद्रावर ‘कीप लेफ्ट’ चालत नाही!

वीकेंडला काय करताय? ट्रेकिंग झालं, कामशेतला पॅराग्लायडिंग झालं, आता ग्रुपमध्ये सेलिंगची हवा आहे. शिडाची छोटी बोट, डोळ्यांवर गॉगल, मागे गेटवे... फोटो एकदम झकास येतात. पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. पाण्यावरचा ट्रॅफिक! तिथे ना सिग्नल, ना झेब्रा क्रॉसिंग, ना शिट्टीवाला मामा. तरीही नियम आहेत, आणि खुल्या समुद्रावर ते सगळ्या जगात एकच आहेत.

मी मूळची मुकुटबनची. यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका. आमच्याकडे कापूस आहे, कोळसा आहे, सिमेंट आहे. समुद्र मात्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. त्यामुळे मी मुंबईत दोन वीकेंडचा सेलिंगचा बेसिक कोर्स लावला तेव्हा आईचा फोन आला, ‘‘कायले जाऊन राह्यली वं पाण्यात?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर कोर्स संपता संपता सापडलं.

उजवीकडून चला!

पहिल्याच दिवशी डोक्यातलं आरटीओ बाहेर काढावं लागतं. रस्त्यावर आपण डावीकडून जातो, पाण्यावर उजवीकडून. दोन मोटारबोटी समोरासमोर आल्या की दोघींनीही उजवीकडे वळायचं. एकमेकींना आडव्या येत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते, तिने वाट द्यायची. मागून ओव्हरटेक करणाऱ्याने तर नेहमीच स्वतः बाजूला राहायचं, मग तो कितीही घाईत असो.

हे नियम १९७२ साली आंतरराष्ट्रीय कराराने ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. रात्री त्यांचीच भाषा दिवे बोलतात. बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. म्हणजे अंधारात लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर समजा, समोरची बोट थेट तुमच्याच अंगावर येतेय. भोंग्याचंही तसंच. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन रिव्हर्समध्ये. आणि लागोपाठ पाच? ‘तुझं चाललंय तरी काय?’

पण मला सगळ्यात आवडली ती टक्कर ओळखायची युक्ती. समोरची बोट होकायंत्रावर कुठल्या अंशावर दिसते ते बघा. दोन मिनिटांनी पुन्हा बघा. अंश बदलला नाही आणि बोट मात्र मोठी दिसायला लागली, तर टक्कर ठरलेली! मग थोडंथोडं नाही, समोरच्याला स्पष्ट कळेल असं ठळक वळण घ्यायचं, आणि तेही वेळेत.

एक गैरसमज मात्र सोडा. ‘शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात’ हे अर्धसत्य आहे. मुंबई बंदरात मोठी जहाजं खोदलेल्या खोल मार्गातूनच जाऊ शकतात. तिथे छोट्या बोटीनेच त्यांच्या वाटेत यायचं नाही. त्या अजस्र जहाजाला चटकन थांबता येत नाही, आणि त्याच्या नाकासमोरची छोटी बोट वरून दिसतेच असंही नाही.

निळा रंग फसवा असतो

मोबाइलच्या साध्या नकाशावर समुद्र एकसारखा निळा दिसतो. खरा सागरी चार्ट उघडला की त्या निळ्यात आकड्यांची रांगोळी दिसते. प्रत्येक आकडा म्हणजे तिथली मीटरमधली खोली. आणि गंमत बघा, आपल्या समुद्राचे हे अधिकृत चार्ट तयार होतात ते डोंगरातल्या डेहराडूनला, राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात. मुकुटबनच्या मुलीला हे वाचून केवढा धीर आला!

चार्टवरची खोली असते साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची. त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवायची. चार्टवर २.४ आणि भरती ३ मीटर, तर पाणी ५.४ मीटर. आकड्याखाली रेघ असेल तर सावधान! ती जागा ओहोटीला चक्क उघडी पडते.

पाणी चढतं तेही एकसारखं नाही. भरतीचे साधारण सहा तास. पाणी एकूण ३.६ मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०, मग पुन्हा ६० आणि ३०. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं, आणि ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त असते. हा ढोबळ हिशेब आहे, पण खाडीत शिरताना जीव वाचवतो.

अंतर मोजायचं ते सागरी मैलात. एक मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाचं एक मिनिट. म्हणून ते चार्टच्या उभ्या कडेवरच मोजायचं. वरच्या आडव्या कडेवर मोजलंत तर हिशेब चुकलाच.

‘जीपीएस आहे की!’ असं म्हणाल. आहेच, वापराही. पण फोन भिजतो, बॅटरी संपते. तेव्हा प्राँग्जचं दीपगृह आणि खांदेरीचं दीपगृह होकायंत्रावर कुठल्या अंशाला दिसतात ते बघायचं आणि चार्टवर दोन रेघा मारायच्या. त्या छेदतात तिथे तुम्ही. तिसरी खूण सापडली तर उत्तमच, चूक लगेच कळते.

आणि आमची पैनगंगा?

२०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात ७८ व्या क्रमांकावर आहेत पैनगंगा-वर्धा नद्या. म्हणजे कागदावर आमच्या तालुक्याच्या कडेने राष्ट्रीय जलमार्ग वाहतो! प्रत्यक्षात विदर्भातल्या नद्यांवर माणसं आजही डोंग्यातून पलीकडे जातात, शेतावर, मजुरीला. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून दोन लहान मुलांसह सहा जण गेले. समुद्र दोन्हीकडे नव्हता.

मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जणांचा जीव गेला. इंजिनाच्या चाचणीत बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. म्हणजे नियम पाठ असले की सगळं टळतं असं नाही. पण नजर ठेवणं, वारा ओळखणं, वजन मोजणं आणि वेळेत ठरवणं ही सवय समुद्रावर लागते तशीच नदीवरही लागते.

नदीचा चार्ट हातात नसेल तर आपला आपण करायचा. खडक कुठे, डोह कुठे, पूर ओसरल्यावर गाळ कुठे साचतो हे डोंगा चालवणाऱ्या काकांना पाठ असतं. ते विचारून कागदावर उतरवायचं. देवळाचा कळस आणि मागचं झाड एका रेषेत आलं की वाट सुरक्षित, अशा खुणा जुने खलाशी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. आईला मी हेच सांगितलं. समुद्रासाठी नाही गं, आपल्या डोंग्यासाठी शिकले.

बोटीत चढण्याआधी

• माणसं किती बसवायची, हे बोटवाल्याला विचारा आणि स्वतः मोजा.
• लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं, बंद बांधून.
• आभाळ आणि वारा बघा. शंका आली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.
• बोटीत किमान एक जण फोन खिशात ठेवून चारी दिशांना बघणारा हवा.

तो एक जण तुम्हीच व्हा. सेल्फी किनाऱ्यावर आल्यावरही काढता येईल.