उसाच्या पेशीतील जमाखर्च

दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि मग राहुरी-राहात्यापासून नेवासे-शेवगावपर्यंत पारावर, एस. टी. स्टँडवर, चहाच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा उतारा किती? शंभर किलो ऊस गाळला की त्यातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. हाच तो उतारा. उसाचा भाव त्याच्याशी बांधलेला असल्यामुळे येथे दशांशचिन्हापुढच्या आकड्यालाही मोल आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटाखाली उसाचे मळे पसरले. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. हा इतिहास आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. पण कारखाना साखर फक्त गाळून काढतो; ती तयार होते उसाच्या पानात. तिचा जमाखर्चही उसाच्या पेशीतच चालतो, आणि त्या वहीकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

प्रथम जमेची बाजू पाहू. पानाच्या पेशीत हिरवे कण असतात. त्यांना हरितलवक म्हणतात. असे सुमारे दोनशे कण एकापुढे एक मांडावेत तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल! सूर्यप्रकाश पडला की हरितलवक पाण्याचे विघटन करते, प्राणवायू हवेत सोडते, आणि मिळालेली शक्ती एटीपी नावाच्या द्रव्यात साठवते. एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारातील चलनी नाणे. हे नाणे मोडून हरितलवक हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखरेचा कच्चा माल बनवते. या कामात ऊस मोठा हुशार. त्याच्या पानात हरितलवकांच्या दोन तुकड्या असतात. एक तुकडी कार्बन पकडून आणते. शिरेभोवतीच्या पेशींत बसलेली दुसरी तुकडी त्याची साखर करते. त्यामुळे कडक उन्हातही उसाचे काम अडत नाही. ही युक्ती १९६५-६६ च्या सुमारास हवाई बेटे आणि ऑस्ट्रेलिया येथील शास्त्रज्ञांनी उलगडली, आणि तीही उसाच्याच पानावर प्रयोग करून.

आता खर्चाची बाजू. पेशीत हरितलवकांहून लहान असे दुसरे कण असतात. त्यांचे नाव तंतुकणिका. इंग्रजी नावाच्या मुळाशी दोन ग्रीक शब्द आहेत, एकाचा अर्थ धागा, दुसऱ्याचा दाणा. मराठी शब्दकारांनी ते दोन्ही अर्थ एका शब्दात नेमके बसवले आहेत. तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने साखर जाळते आणि तिच्यातील शक्ती पुन्हा एटीपीत उतरवते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाड दिवसा अन्न करते आणि रात्री श्वास घेते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः झाडाचे श्वसन अष्टौप्रहर चालू असते. दिवसा अन्न तयार करण्याच्या गडबडीत ते आपल्या नजरेस येत नाही, इतकेच. हरितलवकात तयार होणारे एटीपी बहुतांशी तेथेच साखर बनवण्यात खर्ची पडते. बाकीच्या पेशीचा संसार मुख्यतः तंतुकणिकांच्या कमाईवर चालतो.

हे नाणे पाडण्याची रीत मात्र दोघांची एकच आहे. भंडारदऱ्याला पाणी उंचावर अडवतात, ते वाटेने खाली सोडतात आणि त्याच्या जोरावर चक्र फिरवून वीज काढतात. या कणांच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण कोंडले जातात, ते एका लहानशा दारातून परत येतात, आणि त्या दारातील चक्र फिरून एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा पुष्कळांनी तिला विरोध केला. १९७८ साली त्यांना त्याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पती जेवढी साखर कमावते, तिचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा ती श्वसनात खर्च करते. हा खर्च उधळपट्टीचा नव्हे. त्यावाचून नवे पेर वाढणार नाही आणि मूळ खत उचलणार नाही. जमिनीत पुरलेल्या टिपरीचा डोळा फुटतो तोही साठवलेली साखर जाळूनच, कारण तेथे ना ऊन, ना हरितलवक. मुळांचेही तसेच. पानांनी साखर पाठवावी आणि मातीतील हवेने प्राणवायू द्यावा, तेव्हा त्यांचा गाडा चालतो. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी मिळतात; तो नसेल तर अवघे २. आपला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो तो हाच हिशेब. पाटाला पाणी आहे म्हणून सरी सदा तुडुंब ठेवली की मातीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि वर हिरवेगार दिसणारे पीक आतून दिवाळे काढू लागते. पाण्याच्या अतिरेकाने पाटाखालच्या जमिनी चोपण होतात ती हानी आणखी वेगळीच.

थंडीत उतारा का वाढतो, हेही या वहीत सापडते. मार्गशीर्ष-पौषात दिवसा स्वच्छ ऊन असते, म्हणून जमा चालूच राहते. गार रात्री वाढ मंदावते, श्वसनही मंदावते, आणि शिल्लक साखर कांड्यांत साठते.

परंतु कोयता पडला की जमा बंद होते. वाढे छाटले गेले, पाने गेली. कांडे मात्र जिवंत असते. त्यातील तंतुकणिका साखर जाळत राहतात, विकर साखरेचे तुकडे पाडतात, कापल्या तोंडातून जंतू शिरतात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळावा असे सांगतात. पाथर्डीकडून आणि बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे पहाटेच्या थंडीत फडात उतरून मोळ्या बांधतात, आणि मग गाड्या कारखान्याच्या आवारात रांगेत खोळंबतात. त्या रांगेत नुसता वेळ जात नाही. मजुराच्या घामाचे आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल तेथे घटकेघटकेने हलके होत असते.

आपल्या दिवाळीच्या करंजीत पडणारी साखर ही अशी शिल्लक आहे. उसाने कमावले, स्वतःचा संसार चालवला आणि उरले ते आपल्याला दिले. त्याची कमाई वाढवणे सर्वस्वी आपल्या हाती नाही, कारण ऊन आपल्या मालकीचे नाही. पण मुळाला हवा मिळू देणे आणि तुटलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पोचवणे या दोन गोष्टी मात्र खास आपल्या हातच्या आहेत.